टीव्हीकडचं टोक

गळ्यात टेप टाकून आणि केसांत पेन्सिल खोचून दुकानात उभं राहू नये. लोक आपल्याला तिथलीच समजतात.

"मॅडम, जरा एचडीएमआय केबल दाखवता का?"

मी वळले. समोर शर्टाचं दुसरं बटण होतं. चेहरा बघायला मान वर करावी लागली... आणि एकदा वर गेलेली मान खाली यायला जरा वेळच लागला. गालावर एकाच बाजूला खळी, आणि डोळे असे की शाळेत याने नक्की मागच्या बाकावर बसून गमती केल्या असणार.

मी इथे नोकरीला नाही, हे तेव्हाच सांगायला हवं होतं. पण गेला अर्धा तास मी त्याच केबलींच्या भिंतीपुढे उभी राहून एकूण एक पाकिटाची पाठ वाचून काढली होती. एवढा अभ्यास झाल्यावर कुणीतरी प्रश्न विचारावा असं वाटणारच की!

"कशाला काय जोडायचंय?" मी विचारलं. आवाज आपोआप दुकानदारी झाला.

"टीव्हीला तो... डबा. ज्याच्यातून सगळं दिसतं तो."

"आणि डबा टीव्हीपासून किती लांब?"

"लांब आहे. बराच." त्याने दोन्ही हात पसरले. "असे सहाएक होतील. शिवाय वर जाऊन खाली यायचं."

"थांबा. असेच उभे राहा." मी गळ्यातली टेप काढून तिचं टोक त्याच्या डाव्या हाताच्या बोटांत दिलं आणि टेप उलगडत, त्याच्या छातीपुढून, उजव्या हातापर्यंत गेले. तो पुतळ्यासारखा ताठ. "श्वास घेतलात तरी चालेल हं."

"माझी सवय उलटी आहे. एरवी लोक माझ्यापुढे श्वास रोखून बसतात."

"का? पोलिसात आहात?"

"दातांचा डॉक्टर."

मी तोंड मिटून घेतलं. तो खो खो हसला. मग तोंड मिटूनच मी माप वाचलं, मनातल्या मनात सहाने गुणलं, वरखाली जाण्याचं मिळवलं. उत्तर चांगलंच लांबलचक आलं.

त्याचा हात सोनेरी टोकांच्या एका ऐटबाज केबलीकडे गेला. "ही घेऊ? सगळ्यात महाग आहे, म्हणजे चांगलीच असणार."

"महाग आहे म्हणजे महाग आहे, एवढंच," मी म्हणाले. "डबा टीव्हीच्या पायाशी असता तर त्या टोपलीतली साधी केबलसुद्धा चालली असती. तिच्यातूनही तेवढंच स्वच्छ चित्र दिसतं. सोनं बघायला टीव्हीच्या पाठीमागे कोण जाऊन बसतंय? तुमची गोष्ट वेगळी. इतक्या लांब तांब्याच्या तारेतून चित्र नेलं की ते वाटेत दमतं. मग पडदा लुकलुकतो, मध्येच काळा होतो. आणि तेही ऐन रंगात आल्यावर."

"अरेरे. मग?"

मी टाचा उंचावून वरच्या खुंटीवरचं एक वेटोळं काढलं. बारीक, काळी, मऊ केबल. "ही. हिच्यातून वीज नाही, उजेड जातो. आत केसासारखी काच आहे. कितीही लांब न्या, दमत नाही."

"बाकी सगळं बरोबर सांगितलंत, ताई," गल्ल्यामागून मालकांचा आवाज आला. "फक्त या जातीच्या केबलला दिशा असते. एक टोक डब्याकडचं, एक टीव्हीकडचं. टोकांवर लिहिलेलं आहे, ते बघून लावा. उलटी लागली तर चित्र येणार नाही."

आम्ही दोघांनी मान डोलावली. पण मी तेव्हा टेप गुंडाळत होते, आणि टेपचं दुसरं टोक अजून त्याच्या चिमटीत होतं. तो ते काही सोडत नव्हता.

"तुम्ही इथे रोज असता?" त्याने विचारलं.

"त्या?" मालक म्हणाले. "त्या तर गिऱ्हाईक आहेत!"

माझ्या कानांच्या पाळ्या गरम झाल्या. त्याने एकदा माझ्याकडे, एकदा पेन्सिलीकडे पाहिलं, आणि खळी पुन्हा उमटली. "मग तर विश्वास ठेवायलाच हवा. कमिशन नसलेलं माणूस खोटं कशाला बोलेल?" केबल घेऊन तो निघालासुद्धा. दारातून वळून त्याने हात हलवला.

"मलाही तीच द्या," मी घाईघाईने म्हणाले. "तेवढीच लांब."

"तेवढ्या लांबीची एकच होती," मालक म्हणाले. "तुम्हीच नाही का विकलीत?"

तर असं झालं. स्वतःची केबल मी स्वतःच दुसऱ्याच्या गळ्यात घातली.

आणि ती मला हवी होती हो! मी लोकांच्या घरांतल्या खोल्या सजवते. अनेक वर्षं एका मोठ्या साहेबांच्या हाताखाली पडद्यांचे नमुने वाहून वाहून माझे खांदे उतरले होते. शेवटी नोकरी सोडली आणि पहिलंवहिलं स्वतंत्र काम मिळालं: बाईंची खोली. बाई म्हणजे निवृत्त मुख्याध्यापिका. त्यांच्या विद्यार्थ्यांचे आता केस पिकलेत, तरी रस्त्यात बाई दिसल्या की ते हातातली सिगारेट लपवतात.

बाईंना टेनिसचं वेड. टीव्हीखाली लुकलुकणारे डबे नकोत, ते त्यांच्या खुर्चीशेजारच्या कपाटात हवेत. टीव्ही समोरच्या भिंतीवर. आणि मध्ये एकही वायर दिसता कामा नये. "रविवारी महिलांचा अंतिम सामना आहे," पहिल्याच दिवशी त्यांनी सांगितलं होतं. "माझ्या मैत्रिणी बघायला येणार. तोवर खोली तयार हवी. नसली, तर तुझ्या साहेबांना बोलावून पुरी करून घेईन. राग मानू नकोस."

राग कसला मानते! माझं अर्धवट काम पुरं करायला साहेब आले असते, तर दुसऱ्या दिवसापासून मी पुन्हा पडद्यांचे नमुने वाहायला लागले असते.

दुकानातून मी रिकाम्या हाताने बाईंकडे गेले.

"केबल?" बाईंनी चष्म्यावरून पाहिलं.

"होती, बाई. पण... मी एका गृहस्थांना दिली."

"दिली? का?"

तेवढ्यात दार वाजलं, आणि "मावशी, आणली बघ!" असं ओरडत सहा फुटी माणूस आत आला. हातात माझं काळं वेटोळं. मला बघून तो जागच्या जागी थांबला.

"हा माझा भाचा, छोटू," बाई म्हणाल्या. सहा फुटी माणसाचे कान लाल झाले. "केबल मी त्यालाही आणायला सांगितली होती. वर्गात एकच गणित मी नेहमी दोघांना घालायची. उत्तरं जुळली की समजायचं, बरोबर आहे."

"उत्तरं जुळली, मावशी," छोटू माझ्याकडे बघत म्हणाला. "अगदी जुळली."

दुसऱ्या दिवशी तो दवाखाना दुपारीच बंद करून हजर झाला. म्हणे, मदतीला. मी नको म्हटलं. अगदी मनापासून म्हटलं असं नाही, पण म्हटलं.

भिंत पातळ होती, त्यामुळे पाइप न घालता मी कपाटापासून छताखालून समोरच्या भिंतीपर्यंत बारीक खाच पाडून ठेवली होती. खाचेत केबल बसवायची आणि वरून चुन्याचा गिलावा घोटायचा. हा गिलावा म्हणजे माझा जीव की प्राण. थरावर थर द्यायचे, थापीने घोटत राहायचं, मग भिंतीला अशी मऊ झळाळी येते की हात लावल्यावाचून राहवत नाही.

केबलची दोन्ही टोकं पांढऱ्या बँडेजमध्ये गुंडाळलेली बघून मी कपाळाला हात लावला. "हे काय?"

"धूळ जाऊ नये म्हणून. जंतुविरहित आहे."

"हिला काय ताप आलाय?"

"तुमच्या हातात जाणार, म्हणून काळजी घेतली."

मी शिडीवर चढले. केबल धरून ठेवायला छोटे खिळे मारायचे होते, ते सवयीप्रमाणे ओठांत धरले आणि हातोडी उचलली.

"तोंड उघड," खालून हुकूम आला.

"म्म?"

"तोंड उघड. खिळे बाहेर. दातांचं वाटोळं होईल." त्याने शिडीखालून हाताची ओंजळ वर धरली. मी एक एक करून सगळे खिळे त्या ओंजळीत टाकले. निमूटपणे, शहाण्या पेशंटसारखं.

"आत्तापर्यंत आपण अहो-जाहो करत होतो," तोंड मोकळं झाल्यावर मी म्हणाले.

"तोंडात खिळे असलेल्या बाईला मान देत बसलो, तर ती खिळे गिळायची. आता पुन्हा 'अहो' म्हणू?"

"राहू दे," मी म्हणाले. "आता झालंच आहे तर..."

त्याने एक खिळा वर केला. मी घेतला. बोटांना बोटं लागली. खिडकीतून ऊन येत होतं, चुन्याचा ओला गार वास सुटला होता, आणि मला एकाएकी वाटलं की ही खाच अजून खूप लांब असायला हवी होती.

"यातलं टीव्हीकडचं टोक कुठलं?" मी विचारलं.

"हे," तो म्हणाला आणि एक टोक माझ्या हातात दिलं.

ते देताना त्याने बँडेज सरकवून खाली पाहिलं नाही. तो माझ्याकडे बघत होता. मीही खाली पाहिलं नाही.

मग रोज संध्याकाळी तो गिलावा वाळला का ते बघायला यायचा. दातांच्या डॉक्टरला गिलाव्यातलं ओ की ठो कळत नाही. तरी तो भिंतीजवळ जाऊन गंभीरपणे म्हणायचा, "हं. हिरड्या छान आहेत." मी थापी उगारायची, तो खुर्चीमागे पळायचा, आणि आतून बाईंचा आवाज यायचा, "वर्गात शांतता!" तो परत गेला की खोली उगाच मोठी वाटायला लागायची. मी प्रेमात पडले होते, सरळ सांगते. आडून आडून सांगायला मला जमत नाही.

टीव्ही शनिवारी आला. बाई केस कापायला बाहेर गेल्या होत्या. भिंती वाळून अशा उजळल्या होत्या की माझा मलाच हेवा वाटला.

"टांगण्याआधी जोडून बघू," मी म्हणाले. टीव्ही भिंतीशी स्टुलावर ठेवला. छोटूने दोन्हीकडचं बँडेज सोडलं, केबल खोचली, मी कपाटातला डबा चालू केला.

अंधार.

डबा बंद करून पुन्हा चालू केला. अंधार. रिमोट आपटला, सेल बदलले. अंधार. मग छोटू वाकला, त्याने टीव्हीतून केबलचं टोक काढून डोळ्यांजवळ नेलं. त्याच्या चेहऱ्यावरचा रंगच उडाला.

"यावर लिहिलंय," तो हळूच म्हणाला, "डब्याकडचं टोक."

मी मटकन जमिनीवर बसले. केबल उलटी गेली होती. आणि तिच्यावर माझ्या आठवड्याचा घाम, दोन भिंतींभर, घोटून घोटून बसला होता.

"मी भिंत फोडतो," छोटू म्हणाला.

"हात तर लावून बघ!"

"मग दुसरी आणतो. भिंतीवरून नेऊ."

"लोंबती? माझ्या भिंतीवरून? आणि एवढ्या लांबीची दुकानात नाहीच आहे. मागवली तर कधी येणार? सामना उद्या आहे, छोटू!" आणि मी रडायलाच लागले. लहान मुलीसारखी, नाक ओढत. पहिलं काम, एकच काम, आणि तेही हातातून चाललेलं. आता साहेब येणार, भिंतीकडे बघून तोंड वाकडं करणार आणि म्हणणार, तरी मी सांगत होतो.

त्याने पाणी आणून दिलं आणि तो शेजारी बसला. "चूक माझी आहे," असं तो पाच-सहा वेळा म्हणाला असेल. त्याचा आवाज इतका पडला होता की मलाच त्याची दया यायला लागली.

आम्ही कपाटाला टेकून बसलो होतो. दुपार कलत होती. खिडकीतून ऊन सरकत सरकत समोरच्या भिंतीवर आलं आणि भिंत मधाच्या रंगाची झाली. अशी सुंदर की मी रडायची थांबले. मग माझं लक्ष स्टुलावरच्या टीव्हीकडे गेलं. काळ्या पडद्यात उन्हाचा भला मोठा गोळा, आणि त्याखाली आम्ही दोघं, नाकं लाल झालेली.

"सामना किती वाजता आहे?" मी विचारलं.

"याच वेळेला."

"म्हणजे उद्या त्यांना टेनिसऐवजी हे ऊन दिसलं असतं. केबल सरळ असती तरीसुद्धा!" मी ताडकन उठले. "ऊठ. टीव्ही इकडच्या भिंतीवर जाईल. डबा आणि कपाट तिकडे. बाईंची खुर्चीही तिकडेच. सगळी खोली फिरवायची!"

"म्हणजे केबल..."

"केबल आहे तिथेच राहील. टोकं आपोआप बरोबर होतील."

तो माझ्याकडे असा बघत राहिला की मला पुन्हा काहीतरी उलटं घडेल अशी भीती वाटली. "आता बघत बसू नकोस," मी म्हणाले. "सोफा उचल."

पुढे काय धांदल उडाली! सोफा फिरवला, कपाट सरकवलं, त्यात छोटूचा पाय सापडला. जुन्या, साध्या भिंतीला भोकं पाडून टीव्ही टांगला. मी डब्याचं बटण दाबलं आणि पडद्यावर, स्वच्छ लख्ख, कुणीतरी कांदा चिरायला लागलं. आम्ही एवढ्याने ओरडलो की शेजारची खिडकी उघडली. माझे डोळे पुन्हा भरून आले. कांद्यामुळे, असं मी सांगितलं.

"ऐक," छोटू धापा टाकत म्हणाला. "मावशीला सांग, उन्हासाठी तू मुद्दाम असं केलंस. खोटं नाहीच ते. मी तोंड उघडणार नाही."

सोपं होतं. काम वाचलं असतं, साहेब टळले असते. मी हो म्हणणार होते, तेवढ्यात दार उघडलं.

नव्या केसांतल्या बाई दारात उभ्या राहिल्या. त्यांनी खोली डावीकडून उजवीकडे वाचली, मग उजवीकडून डावीकडे.

"आराखड्यात टीव्ही त्या भिंतीवर होता," त्या म्हणाल्या.

"बाई, दुपारचं ऊन पडद्यावर..." मी सुरुवात केली. त्या चष्म्यावरून बघत होत्या. आणि माझ्याच्याने पुढचं बोलवेना. या भिंतींमुळे पहिल्यांदा कुणीतरी माझं नाव घेणार होतं, ते अर्ध्या खरेपणावर नको होतं मला. "ऊन आज लक्षात आलं. आधी केबल उलटी गेली, बाई. भिंतीत. म्हणून खोली फिरवली."

"टोक मी दिलं होतं," छोटू पुढे आला. "तिची चूक नाही."

"टोकावर लिहिलेलं असतं. तुला वाचता येतं. मीच शिकवलंय."

"वाचलं नाही, मावशी."

"का?"

तो पायाच्या अंगठ्याने जमीन उकरायला लागला, एवढा मोठा माणूस. मग त्याने मान वर केली. "मी हिच्याकडे बघत होतो."

टीव्हीवर कांदा चिरणं चालूच होतं.

"आणि तू गं?" बाई माझ्याकडे वळल्या. "काम तुझं होतं. तू का नाही तपासलंस?"

"तपासायला खाली बघावं लागलं असतं," मी म्हणाले. "आणि तो बघतोय हे मला दिसत होतं, बाई. मला... ते बघणं थांबायला नको होतं."

छोटूचा चेहरा मी तेव्हा पाहिला नाही. धीरच झाला नाही.

बाई सावकाश जाऊन खुर्चीत बसल्या. टीव्हीकडे पाहिलं. मग मागे हात नेऊन तळवा भिंतीवर ठेवला आणि हळूहळू फिरवला. पुन्हा एकदा फिरवला.

"काम पसंत आहे," त्या म्हणाल्या. "ऊन माझ्यासुद्धा लक्षात आलं नव्हतं. उद्या येणाऱ्यांतल्या एकीला वरचा मजला नव्याने करून घ्यायचाय. तिला तुझं नाव सांगते."

माझा जीव भांड्यात पडला. "आणि साहेब, बाई?"

"कोण साहेब?" बाई उठल्या. "एकच अट. तिथे काम चालू असेल तेव्हा हा त्या घराकडे फिरकायचा नाही."

"अगं मावशी! मग मी हिला भेटायचं कुठे?"

"मला काय विचारतोस? ती समोर उभी आहे." आणि बाई चहा टाकायला आत निघून गेल्या.

छोटू माझ्यासमोर आला. पुन्हा ते दुसरं बटण. त्यावर चुन्याचा पांढरा ठिपका होता, मी तो अंगठ्याने पुसला. मान वर केली. तो जवळून बघत होता, आणि आता त्यात कसलंच नुकसान नव्हतं.

"मग... सोमवारी..." त्याने घसा खाकरला.

"हो," मी म्हणाले.

"अगं, मी अजून विचारलंय कुठे?"

"विचार ना मग," मी म्हणाले. "सावकाश विचार."